वय 17, अनुभव शून्य, सुट्टीत काम पाहिजे: कुठे आणि कसं विचारायचं

तुझा प्रश्न असा आहे की बारावी सायन्सचे पेपर झाले, सीईटी झाली की अ‍ॅडमिशनपर्यंत दोन-अडीच महिने मोकळी आहेस, नाशिकमध्येच राहतेस, जॉब अ‍ॅपवर तीसेक ठिकाणी अप्लाय केलं पण एकाचाही रिप्लाय नाही, अनुभव नाही म्हणून कोण घेणार असं वाटतंय, आणि वरून पप्पा म्हणतात की आपल्याला काय कमी आहे, कशाला पाहिजे नोकरी.

मी गल्ल्यावर बसणारी बाई आहे. आधी 9 वर्षं एका सुपरमार्केटमध्ये फ्लोअर सांभाळला, आता 2012 पासून नाशिकमध्येच वह्या-पुस्तकं-स्टेशनरीचं आमचं दुकान बघते, आणि दर मे-जूनला सीझनसाठी सात-आठ मुलंमुली लागतातच, त्यातली बरीचशी तुझ्याच वयाची आणि पहिल्यांदाच काम करणारी. त्यामुळे मी जे सांगतेय ते घेणाऱ्याच्या बाजूने सांगतेय, करिअर गायडन्सवाल्यांचं सगळं ज्ञान माझ्याकडे नाही.

पहिलं म्हणजे ते तीस अर्ज विसर. तुझ्यात काही खोट आहे म्हणून रिप्लाय नाही असं नाहीये. मोठी साखळी दुकानं, कॉल सेंटर, डिलिव्हरी, या सगळ्यांना 18 पूर्ण लागतात, तू जन्मतारीख टाकलीस की तिथेच तुझा फॉर्म बाजूला पडतो, माणसाने तो बघितलेलाही नसतो. मी सुपरमार्केटला होते तेव्हा आम्हीही 18 खालचे घेत नव्हतो कारण शिफ्ट रात्री दहापर्यंत असायची. 17 वर्षांच्या मुलीला काम देतो तो छोटा दुकानदार, क्लासवाला, समर कॅम्पवाली बाई, लायब्ररी, बुटीक, कुणाचं तरी छोटं ऑफिस. आणि ही माणसं अ‍ॅपवर नसतात गं. यांना माणूस पाहिजे असेल तर ते शेजारच्या दुकानात सांगतात, पेपरवाल्याला सांगतात, नाहीतर शटरवर एक पाटी लावतात, "कामासाठी मुलगा/मुलगी पाहिजे", तीही अर्धी पुसलेली. म्हणजे तुला चालत जाऊन विचारावं लागणार, दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आता अनुभवाचं. पहिल्या कामाला येणाऱ्या पोरीला बिलिंग येत नाही, माल लावता येत नाही, गिऱ्हाईकाशी बोलता येत नाही हे मला माहीतच असतं, ते मी चार दिवसांत शिकवते. मला भीती एकाच गोष्टीची असते, ही उद्या येईल का. खरंच एवढंच. एका जूनमध्ये एक मुलगा आला होता, छान टाइप केलेला बायोडेटा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कम्प्युटर कोर्सची दोन सर्टिफिकेटं, बोलायलाही चुणचुणीत. तीन दिवस आला. चौथ्या दिवशी शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी, काउंटरवर पन्नास माणसं उभी, आणि याचा फोन स्विच ऑफ. त्याच वर्षी एक मुलगी होती, आधी एकदा विचारून गेली, मी म्हटलं अजून माल आला नाही, आठ दिवसांनी ये. बरोब्बर आठव्या दिवशी आली. मी म्हटलं अजून चार दिवस. चार दिवसांनी पुन्हा दारात. तिला मी दुसरा प्रश्नच विचारला नाही, म्हटलं चप्पल काढ आणि आत ये. ती पुढे सलग तीन सीझन आली.

तर तुझी सगळी तयारी या एका शंकेचं उत्तर देणारी पाहिजे. घर किती लांब आहे आणि कशाने येणार हे आपणहून सांग, म्हणजे "मी इंदिरानगरला राहते, बस बदलावी लागते पण सकाळी अकराला पोचेन" असं. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत येऊ शकतेस ते सांग. मध्ये कुणाचं लग्न असेल, सीईटीचा निकाल, कौन्सेलिंग, गावाला जायचं असेल तर त्या तारखा आधीच सांगून टाक. पोरांना वाटतं की हे सांगितलं तर घेणार नाहीत, उलट असतं, जिने मला "20 ते 23 मे मामाचं लग्न आहे, ते चार दिवस नाही जमणार" असं पहिल्याच दिवशी सांगितलं तिच्यावर माझा जास्त भरवसा बसतो कारण बाकीचे दिवस ती येणार हे कळतं.

जायचं कधी हेही बघ. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नकोस, भवानी व्हायच्या आधी कामाला ठेवा म्हणून कुणी दारात आलेलं कित्येक जुन्या दुकानदारांना चालत नाही, तुला पटो न पटो. संध्याकाळी सहानंतर तर मुळीच नाही, तेव्हा त्याला तुझ्याकडे बघायलाही वेळ नसतो. साडेअकरा ते साडेबारा नाहीतर दुपारी चारच्या सुमाराला जा. गिऱ्हाईक उभं असेल तर बाजूला थांब, ते गेलं की मग बोल. मोबाईल पर्समध्ये ठेव. आणि एकटी जा, मैत्रिणीला घेऊन गेलीस तरी तिला बाहेर उभी कर. आई सोबत आली तर हरकत नाही, पण बोलायचं तू. माझ्याकडे आया येतात आणि म्हणतात "हिला घ्या हो, घरी नुसती मोबाईल बघत बसते," आणि मुलगी मागे उभी राहून नखं बघत असते, अशा वेळी मी गोड बोलून कटवते.

काय बोलायचं ते पाठ करून ठेवलंस तरी चालेल, पहिल्या दोन दुकानांत तोंड सुकणारच आहे. "नमस्कार, मी अमुक, बारावीची परीक्षा दिलीये, 10 मे ते 15 जुलै मोकळी आहे, सुट्टीत कामाला कोणी पाहिजे आहे का? कुठलंही काम चालेल, शिकेन." बस. मालक नसेल तर नोकराकडे चिठ्ठी ठेवून येऊ नकोस, मालक कधी असतात ते विचार आणि त्या वेळी परत जा. नाही म्हणाले तर "बरं, तुमच्या ओळखीत कुणाला पाहिजे असेल का?" एवढं नक्की विचार. दुकानदारांचं एकमेकांशी फार असतं, मीच कित्येकांना शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलंय. आणि एका दिवसात तीन-चारच ठिकाणं कर, पंधरा ठिकाणी वणवण फिरलीस तर शेवटच्या दहा जणांना तुझा थकलेला चेहराच दिसणार.

कागदावर काय न्यायचं, तर अर्धं पान. नाव, एरिया, फोन, दहावीचे मार्क, कुठल्या तारखांना मोकळी, काय येतं. "काय येतं" मध्ये खरं लिही. मराठी टायपिंग येतं, हिशोब चांगला आहे, गणपतीत सोसायटीची वर्गणी गोळा करून त्याचा हिशोब ठेवला होता, लहान भावाचा अभ्यास घेते, या गोष्टी माझ्या कामाच्या आहेत. "हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेयर" हे सगळ्यांच्याच कागदावर असतं, ते मी वाचत नाही.

फोनचं वेगळं सांगते कारण यात सगळ्यात जास्त पोरं जातात. दुकानदार मेसेज करत नाही, फोन करतो. आणि तुमची पिढी अनोळखी नंबर उचलत नाही! मी दोनदा फोन करते, तिसऱ्यांदा करत नाही, यादीतल्या पुढच्या नावाला लावते. त्यामुळे विचारून आल्यावर आठ-दहा दिवस प्रत्येक फोन उचल, सुटला तर लगेच परत कर. आणि तुझा नंबर ट्रूकॉलरवर काय नावाने दिसतो ते एकदा बघून घे, एका मुलाला फोन लावला तर स्क्रीनवर "अ‍ॅटिट्यूड किंग" आलं होतं, घेतला मी त्याला, पण सगळं दुकान त्याला पुढे किंग म्हणूनच हाक मारायचं.

आता कुठे काय मिळेल. तुझ्या तारखा मे-जूनच्या आहेत म्हणजे आमचाच सीझन. शाळा आपल्याकडे जूनच्या मध्याला उघडतात, त्याच्या आधी महिनाभर शाळेप्रमाणे, इयत्तेप्रमाणे पुस्तकांचे सेट बांधायचे असतात, यादी घेऊन एकेक पुस्तक काढायचं, वह्या मोजायच्या, सुतळीने बांधून वर इयत्तेची चिठ्ठी. कंटाळवाणं काम आहे आणि त्यात लक्ष लागतं, सहावीच्या गठ्ठ्यात सातवीचं भूगोल गेलं की संध्याकाळी पालक परत येऊन सगळ्यांसमोर बोलतात. आम्ही माणसं मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ठरवतो, म्हणून जूनमध्ये विचारायला येणाऱ्याला उशीर झालेला असतो. प्रत्येक धंद्याचं असंच आहे, गर्दीच्या महिनाभर आधी विचारायचं. कापडवाल्यांकडे दिवाळीसाठी नवरात्राच्या आधी, राख्यांच्या स्टॉलसाठी आषाढात. सुट्टीतले समर कॅम्प एप्रिलमध्येच मदतनीस शोधतात, आणि लहान मुलांचं तुला जमत असेल तर ते काम दुकानापेक्षा बरं, उभं राहणं कमी आणि वेळ ठरलेली. सायन्सची आहेस तर सोसायटीतली पाचवी-सहावीची दोन-तीन मुलं घेऊन गणिताची शिकवणी हेही कामच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि कॉलेज सुरू झाल्यावरही चालू ठेवता येतं.

कायदा थोडा माहीत करून घे, कारण तुझ्या वयाला तो वेगळा आहे आणि कित्येक मालकांनाच माहीत नसतो. 1986 चा बालकामगारांचा कायदा आहे, त्यात 2016 ला बदल झाला आणि 14 ते 18 वयाच्यांना त्यात "किशोर" धरलं गेलं. 14 च्या आत कामाला ठेवायचंच नाही, घरचा धंदा नाहीतर सिनेमा-जाहिरातीतलं काम अशा थोड्या सवलती सोडून, तेही शाळा सांभाळून. तुझ्या वयाला काम चालतं पण धोक्याचं नाही, म्हणजे खाणी, स्फोटक, ज्वालाग्राही पदार्थ आणि कारखान्यांतली धोकादायक कामं. दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवर रोख पैसे देतात म्हणून पोरं जातात, 18 होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. तासांचं असं की सलग 3 तासांच्या वर काम नाही, मग किमान 1 तास विश्रांती, सगळं धरून दिवसाचे 6 तास, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 मध्ये काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी. म्हणून मी 18 खालच्यांना 12 ते 6 ठेवते, मध्ये तासभर जेवण. मला सोयीचं नाहीये, खरी गर्दी सहानंतरच असते, तिथे मी मोठी माणसं वापरते. लग्नातलं केटरिंग, वाढपी वगैरे तुझ्या वयाला यातच बाद होतं, रात्री बारा बारा वाजतात.

पैसे. हे बोलायची लाज वाटते सगळ्यांना आणि तिथेच फसगत होते. मी 16 वर्षांची असताना 1994 च्या दिवाळीत एका साडीच्या दुकानात कामाला लागले, ओळखीतून, त्यामुळे पगाराचं कोणी बोललंच नाही, आई म्हणाली ते देतील तेवढं घ्यायचं, आपलीच माणसं आहेत. 22 दिवस साड्यांच्या घड्या घातल्या. गिऱ्हाईकासमोर चाळीस साड्या उघडायच्या, ते "बघून येतो" म्हणून जाणार, की परत त्याच घडीवर घडी बसवायची, तळहात कोरडे पडून चिरा पडल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला शेठनी पाकीट दिलं, त्यात 300 रुपये आणि एक ब्लाउजपीस. घरी येऊन मी भागाकार केला तर दिवसाला चौदा रुपयेही पुरते पडत नव्हते. कुणाशी भांडणार, ठरलंच नव्हतं काही.

तर कामाला ये म्हटल्यावर तिथेच उभ्या उभ्या चार गोष्टी विचारायच्या. रोजाचे किती की महिन्याचे, कधी देणार, वेळ कोणती, सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापणार का. आवाज न चढवता, साध्या भाषेत. मी गेल्या सीझनला 6 तासांचे 400 देत होते आणि दर शनिवारी हिशोब, तुला कुठे कमी मिळेल कुठे जास्त, पण महिन्याने देतो म्हणणाऱ्याला पहिल्यांदा पंधरा दिवसांनी द्याल का असं विचारून बघ. मग घरी येऊन त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाक, "काका, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून 12 ते 6 येते, रोजचे 400, दर शनिवारी." ते "ओके" म्हणतील. तोच तुझा करार. "आधी आठ दिवस फुकट काम बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, एखादा तास काम दाखव म्हणाले तर ठीक.

कागदपत्रं झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल मार्कशीट किंवा शाळा सोडल्याचा दाखला कुणाच्याही कपाटात ठेवायचा नाही, कितीही चांगली माणसं असोत, तुला तो अ‍ॅडमिशनला लागणार आहे. वयाचा पुरावा मालकाने मागितला तर चांगलं लक्षण समज. आधारचं बायोमेट्रिक 15 पूर्ण झाल्यावर पुन्हा द्यावं लागतं, ते केलं नसशील तर करून घे, 15 ते 17 मध्ये फुकट होतं. बँकेत स्वतःचं खातं काढ, 10 वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना दिलीये, फक्त मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरवते.

आणि ते खातं कुणालाही वापरायला द्यायचं नाही. हल्ली कॉलेजच्या पोरांना कुणीतरी भेटतो, म्हणतो तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, तुला दोन हजार. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात आणि पोलीस पहिले खातेदाराच्या दारात येतात. तसंच रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, घरबसल्या पेन-पेन्सिल पॅकिंग, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करा, हॉटेलातला सेमिनार आणि पाच हजारांचा किट, यातलं एकही काम नाहीये. काम देणारा तुला पैसे देतो, मागत नाही. कुणी फसलंच तर 1930 ला लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. कामाच्या ठिकाणी तुझ्या वयाच्या कुणालाही त्रास झाला तर 1098.

डिलिव्हरीचं बघायला एकजण परवा आला होता, दादाच्या आयडीवर करतो म्हणाला. लायसन्सशिवाय 18 खालचा गाडीवर सापडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या पोराला 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. 2019 पासून आहे हे. मी त्याला हे सांगितलं तर म्हणे काकू कोण पकडतंय. असो.

पप्पांचं. वाद घालू नकोस, त्यांना दुकान दाखव. माझ्याकडे ज्या मुली आल्या त्यातल्या बऱ्याच जणींचे वडील आधी गिऱ्हाईक म्हणून येऊन एक पेन घेऊन गेलेत, मला कळतं आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, माझी मुलगी असती तर मीही केलं असतं. वडिलांना खरी काळजी पैशाची नसते, माणसं कशी आहेत आणि पोरगी घरी कधी येणार याची असते. तूही बघून घे, तिथे अजून बाई कामाला आहे का, बाथरूम आहे का (हे आधी विचार, बाजारातल्या निम्म्या दुकानांत नसतं आणि मुली लाजून दिवसभर पाणी पीत नाहीत), माळ्यावरच्या गोडाऊनला एकटीला पाठवतात का. मनाला पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊ नकोस, त्याचं कारण कुणाला द्यायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात चूक होणार. माझ्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे गिऱ्हाईक मोबाईल दाखवतं, पैसे गेले म्हणून हिरवी टिक, नवीन पोर पिशवी देऊन मोकळं. टिक बघायची नाही, आपला स्पीकर बोलला का ते ऐकायचं. एका मुलीने असे 640 रुपये घालवले, आणि गिऱ्हाईक वळणावर पोचायच्या आत येऊन मला म्हणाली मावशी माझ्याकडून गेलं. धावत जाऊन गाठला त्याला, खरंच त्याचं पेमेंट अडकलं होतं, दिले बिचाऱ्याने. तिने संध्याकाळपर्यंत लपवलं असतं तर ते पैसे गेलेच होते.

कॉलेज सुरू झाल्यावर पण काम पाहिजे असेल तर बाहेर शोधायच्या आधी कॉलेजातच विचार. नाशिकची बरीच कॉलेजं पुणे विद्यापीठाची आहेत आणि विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने, लायब्ररीत, ऑफिसात, बागेत तासाप्रमाणे काम. भाऊराव अण्णांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून आपल्याकडे शिकताना राबण्यात कमीपणा मानत नाहीत, हे पप्पांना सांगायलाही उपयोगी पडेल. कॉलेजमध्ये विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांना अ‍ॅडमिशन झाल्या झाल्या भेट, जागा थोड्या असतात. 18 झाल्यावर राज्य सरकारची 2024 ला सुरू झालेली युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, बारावीवाल्यांना महिना 6,000 विद्यावेतन, पण ती शिकत असलेल्यांसाठी नाही, त्यामुळे तुला आत्ता नको.

आणि सोडताना आठ दिवस आधी सांग, अ‍ॅडमिशनची यादी लागली म्हणून एकदम गायब होऊ नकोस. शेवटच्या दिवशी मालकाकडून लेटरहेडवर चार ओळी मागून घे, कधीपासून कधीपर्यंत होती, काय काम केलं, खाली सही-शिक्का. त्यांना लिहायचा कंटाळा असेल तर तूच लिहून ने, मी तरी वाचून शिक्का मारते.